फाइल आहे का? पायथॉनला हे विचारण्याआधी आणि विचारल्यानंतर

रावेरमधल्या एखाद्या केळी व्यापाऱ्याचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. दिवसभर काट्यावर गाड्या मोजल्या जातात, संध्याकाळी मुनीम त्या दिवसाच्या काटा-पावत्यांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) एका फोल्डरमध्ये टाकतो, आणि रात्री नऊला एक छोटा पायथॉन प्रोग्रॅम ती उचलून शेतकरीवार हिशोबपट्ट्या काढतो. फाइल आलीच नसेल तर प्रोग्रॅमने काय करायचं? आली असेल पण अर्धवट असेल तर? कालचीच फाइल पडून असेल तर?

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतली बीसीए, बीएस्सीची मुलं असले प्रोजेक्ट करतात, आणि अडकल्यावर प्रश्न एकच येतो: 'सर, फाइल तर समोर दिसतेय, मग प्रोग्रॅम नाही का म्हणतो?' उत्तराला एक ओळ पुरत नाही, म्हणून हा लेख. उदाहरणं पायथॉनमधली आहेत. बाकी भाषांचं शेवटाकडे थोडक्यात.

कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिला आहे. टाइप करताना भाषेचे शब्द इंग्रजी अक्षरांतच घ्यायचे. टिंब, कंस, अंडरस्कोर जिथे दिसतात तिथेच. व्हेरिएबलची नावं मात्र पायथॉन ३ मध्ये मराठीत ठेवली तरी चालतात. खालच्या कोडमधलं 'ओळी' हे नाव तसंच टाइप केलंत तरी प्रोग्रॅम तक्रार करणार नाही.

सरळ उत्तर

    फ्रॉम पाथलिब इम्पोर्ट पाथ
    फाइल = पाथ("पावत्या.सीएसव्ही")
    प्रिंट(फाइल.एक्झिस्ट्स())
    प्रिंट(फाइल.इज_फाइल())

'पाथ' या शब्दातला पी कॅपिटल. पाथलिब हे मोड्यूल २०१४ च्या पायथॉन ३.४ पासून भाषेसोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. जुन्या कोडमध्ये हेच काम ओएस.पाथ.एक्झिस्ट्स आणि ओएस.पाथ.इजफाइल करताना दिसतील. तेही चालू आहेत, घाईने बदलायची गरज नाही.

दोघांत फरक आहे. एक्झिस्ट्स फक्त एवढंच सांगतं की त्या नावाचं काहीतरी तिथे आहे. ते फोल्डर असलं तरी उत्तर ट्रू, म्हणजे 'हो' ('नाही' ला फॉल्स). कोणी घाईत 'पावत्या.सीएसव्ही' नावाचं फोल्डर करून ठेवलं असेल तर एक्झिस्ट्स खुशाल होकार देईल आणि पुढची ओळ आपटेल. विंडोजवर फोल्डर फाइलसारखं उघडायला गेलात तर परवानगीची चूक येते, लिनक्सवर 'हे फोल्डर आहे' अशी वेगळी चूक येते. विंडोजवरचा तो संदेश वाचून माणूस तासभर परवानग्या तपासत बसतो. म्हणून वाचायची फाइल असेल तर इज_फाइल विचारा, फोल्डर हवं असेल तर इज_डिर. एक्झिस्ट्सची गरज तशी क्वचितच लागते.

लिनक्सवर शॉर्टकटसारखी लिंक असते. लिंक शाबूत आहे, पण ती जिकडे बोट दाखवते ती मूळ फाइल उडाली आहे, अशा वेळी एक्झिस्ट्स फॉल्स सांगतं, कारण ते लिंकच्या पलीकडे पाहतं. लिंक स्वतः आहे का, हे इज_सिमलिंकला विचारायचं.

'नाही' म्हणाला म्हणजे नसेलच असं नाही

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून इथे जरा थांबू.

पहिला संशयित: प्रोग्रॅम उभा कुठे आहे. नुसतं 'पावत्या.सीएसव्ही' दिलं की पायथॉन ती फाइल चालू फोल्डरमध्ये शोधतो, आणि चालू फोल्डर म्हणजे तुमची पायथॉन फाइल जिथे आहे ते फोल्डर नव्हे. हाताने चालवताना दोन्ही बहुतेकदा एकच असतात, म्हणून चूक दिसत नाही. रात्री नऊला टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारी विंडोजची सोय) चालवतो तेव्हा 'स्टार्ट इन' चा रकाना रिकामा असेल तर प्रोग्रॅम विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये उभा राहतो. तिथे मुनिमाची फाइल कशी असणार? उपाय एका ओळीचा आहे:

    फोल्डर = पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पेरेंट / "पावत्या"

'फाइल'च्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर. आता पत्ता प्रोग्रॅमच्या स्वतःच्या जागेवरून मोजला जातो, चालवणारा कोणी का असेना. शंका आलीच तर पाथ.सीडब्ल्यूडी() प्रिंट करून बघा, पाथ.सीडब्ल्यूडी सध्याचं फोल्डर सांगतं.

नेटवर्कवरच्या संगणकाला दिलेलं झेड ड्राइव्हसारखं अक्षर हाही असाच मामला. कोणी लॉगिन नसतानाही काम चालावं अशी सेटिंग शेड्युलरमध्ये केली की ते अक्षर प्रोग्रॅमला दिसतच नाही. तिथे दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता द्या.

दुसरा संशयित बॅकस्लॅश, आणि याच्याशी आपल्या खान्देशाचं खास वैर दिसतं. पायथॉनच्या साध्या अवतरणात बॅकस्लॅशनंतर ए, बी, एफ, एन, आर, टी किंवा व्ही यांपैकी लहान अक्षर आलं की त्या जोडीचा वेगळा अर्थ होतो: एन म्हणजे नवी ओळ, टी म्हणजे टॅब, ए म्हणजे घंटी. आता गावांच्या नावाने फोल्डर करा आणि इंग्रजी लहान अक्षरांत लिहा. अमळनेर, भुसावळ, बोदवड, फैजपूर, नंदुरबार, नशिराबाद, रावेर, तळोदा, वरणगाव: सगळी तुटली! यावल, चोपडा, जामनेर, पारोळा, शिरपूर वाचली. मग एकाच प्रोग्रॅमने यावलची फाइल सापडते आणि रावेरची नाही, आणि माणूस रावेरच्या फाइलमध्ये खोट शोधत बसतो. गंमत अशी की पायथॉन ३.१२ पासून चोपडा-जामनेरसारख्या निरुपद्रवी जोड्यांवर इशारा छापला जातो, आणि जी नावं खरोखर बिघडली त्यांच्याबद्दल एक अक्षरही नाही, कारण त्या जोड्या भाषेच्या दृष्टीने कायदेशीर आहेत. नंदुरबारचा एन कॅपिटल केलात तर तऱ्हाच निराळी: प्रोग्रॅम सुरूच होत नाही, थेट वाक्यरचनेची चूक. विंडोजच्या 'यूजर्स' फोल्डरच्या कॅपिटल यू चंही तेच.

यातून सुटायचे मार्ग दोन. अवतरणाच्या आधी आर अक्षर लावा, म्हणजे बॅकस्लॅश नुसता बॅकस्लॅश राहतो. किंवा साधा पुढे झुकलेला स्लॅश वापरा. पायथॉनमधून दिलेल्या पत्त्यात विंडोजला तो चालतो. मी दुसरा मार्ग सुचवेन, कारण आर लावलेल्या अवतरणाचा शेवट एकट्या बॅकस्लॅशने करता येत नाही, आणि फोल्डरच्या पत्त्याच्या शेवटी तो टाकायची सवय बऱ्याच हातांना असते.

तिसरा संशयित, फाइलचं खरं नाव. विंडोज एक्सप्लोरर ओळखीची एक्स्टेन्शन लपवतो. नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली फाइल डोळ्यांना 'पावत्या.सीएसव्ही' दिसते, प्रत्यक्षात 'पावत्या.सीएसव्ही.टीएक्सटी' असते. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूतून एक्स्टेन्शन दाखवायला सांगा आणि ते कायमचं चालू ठेवा. लहान-मोठ्या अक्षरांचंही असंच: विंडोज भेद करत नाही, लिनक्स करतो. लॅपटॉपवर धडधाकट चाललेला प्रोजेक्ट लिनक्स होस्टिंगवर चढवला की निम्मे फोटो गायब होतात ते यामुळेच.

चौथा: नाव दुसऱ्या फाइलमधून वाचलेलं असणं. गावांची यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये आहे आणि प्रत्येक गावाची फाइल शोधायची आहे. ओळ वाचली की तिच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्ह चिकटून येतं. ते स्ट्रिपने काढलं नाही तर एकही फाइल सापडणार नाही. आणि सगळी गावं सापडली, फक्त यादीतलं पहिलं सापडत नाही, असं झालं तर डोळे मिटून समजा की फाइलच्या सुरुवातीला बॉम नावाचं न दिसणारं चिन्ह आहे. एक्सेलमधून यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) सीएसव्ही सेव्ह केली की ते येतं. उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दिलं की ते आपोआप गळतं, आणि नसेल तरी काही बिघडत नाही.

देवनागरी नावांचं प्रकरण

रावेरच्या केळीवाल्याला बऱ्हाणपूरच्या बाजारभावाकडे पाहिल्याशिवाय चालत नाही, म्हणून ऑफिसात 'बऱ्हाणपूर' नावाची एक फाइल हमखास असते. आता ते 'ऱ्हा' दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, युनिकोड क्रमांक (संगणक ज्याने अक्षर ओळखतो तो) ०९३१, आणि पुढे हलंत. दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह, क्रमांक २००डी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. संगणकासाठी ती दोन वेगळी नावं आहेत, आणि विंडोज काय, लिनक्स काय, दोघेही एकाच फोल्डरमध्ये दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवू देतात. मुनिमाने मोबाइलवरून नाव दिलं, तुम्ही कोडमध्ये लॅपटॉपवरून टाइप केलं: इज_फाइलचं उत्तर फॉल्स. 'भो, फाइल तर आहे ना समोर!' हे वाक्य इथेच ऐकू येतं, आणि बोलणारा खोटं बोलत नसतो.

'ॲडव्हान्स' या शब्दाचीही हीच गत. सुरुवातीचा ॲ हे एकच अक्षर असू शकतं, किंवा अ आणि वर चंद्र असे दोन तुकडे.

हे पकडायचं कसं? पायथॉनमधल्या ॲस्की या फंक्शनला नाव द्या आणि जे येईल ते प्रिंट करा. इंग्रजी सोडून प्रत्येक अक्षर त्याच्या क्रमांकासकट उघडं पडतं. मग फोल्डरवर इटरडिर (आतल्या फाइली एकेक करून देणारं) फिरवून तिथल्या प्रत्येक नावाला तेच करा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. टॅब, शेवटची मोकळी जागा, बॉम, सगळे चोर याच पद्धतीने सापडतात, म्हणून मराठी नाव नसलं तरी ही युक्ती हाताशी ठेवा.

दुरुस्ती थोडी अवघड आहे. युनिकोडडेटा मोड्यूलमधलं नॉर्मलाइझ, एनएफसी (तुकडे जोडून एक अक्षर करणाऱ्या) प्रकारात, र आणि नुक्ता वेगळे असतील तर त्यांचा ऱ करतं, पण जोडचिन्हाच्या प्रकाराला हात लावत नाही. नुसतं जोडचिन्ह काढून टाकलंत तर 'बऱ्हाणपूर'चं रफार असलेलं 'बर्हाणपूर' होतं, म्हणजे आणखी तिसरंच नाव. र, हलंत आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलंत घालायचं, आणि मगच नॉर्मलाइझ करायचं. मी स्वतः या वाटेला जाणार नाही. फाइलचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत ठेवावं, पुढे तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, आणि मराठी नावं फाइलच्या आत हवी तेवढी. तारीख त्या क्रमाने लिहिली की फाइली आपोआप ओळीने लागतात, आणि कालची फाइल आज उचलली जाण्याचा घोळही टळतो.

'आहे' म्हणाला तरी

चोपड्याची गाडी लागली का, म्हणून स्टँडवर फोन केला. हो म्हणाले. आपण पोहोचेपर्यंत गाडी सुटलेली. इज_फाइलने ट्रू सांगणं आणि पुढच्या ओळीत तुम्ही फाइल उघडणं, यांच्या मध्ये एवढीच, कितीही छोटी, फट असते. त्या फटीत मुनीम फाइलचं नाव बदलू शकतो, अँटिव्हायरस ती उचलून बाजूला ठेवू शकतो, दुसरा प्रोग्रॅम ती पुसू शकतो. एका माणसाच्या लॅपटॉपवर हे क्वचित घडेल. चार जणांच्या सामाईक फोल्डरवर घडतंच.

म्हणून वाचायचंच असेल तर विचारू नका, सरळ उघडा, आणि नसल्याची तयारी ठेवा:

    ट्राय:
        विथ ओपन(फाइल, एन्कोडिंग="यूटीएफ-८-सिग") ॲज एफ:
            ओळी = एफ.रीडलाइन्स()
    एक्सेप्ट फाइलनॉटफाउंडएरर:
        प्रिंट("आजच्या पावत्या आल्या नाहीत:", फाइल.रिझॉल्व्ह())
    एक्सेप्ट परमिशनएरर:
        प्रिंट("फाइल आहे, उघडत नाही:", फाइल.रिझॉल्व्ह())

ही दोन्ही एरर नावं २०१२ च्या पायथॉन ३.३ पासून आहेत. त्याआधी एररचा क्रमांक तपासावा लागे: नसली तर २, परवानगी नसली तर १३. नुसतं एक्सेप्ट लिहून सगळ्या चुका एका टोपलीत टाकू नका. फाइल नसणं आणि फाइल न उघडणं यांवर फोन वेगवेगळ्या माणसांना जातो. आणि संदेशात नुसतं नाव न छापता रिझॉल्व्हने मिळालेला पूर्ण पत्ता छापा. वरचे निम्मे संशयित तो पत्ता वाचूनच सापडतात.

परवानगीबाबत एक बारकावा. वरच्या फोल्डरमध्ये शिरायचीच परवानगी नसेल तर ओएस.पाथ.एक्झिस्ट्स मुकाट्याने फॉल्स देतं. पाथलिबचं एक्झिस्ट्स मात्र पायथॉन ३.१२ मध्ये अशा वेळी परमिशनएरर फेकतं. जुना कोड पाथलिबवर नेताना हे ध्यानात असू द्या.

नवी फाइल करायची असेल तर

इथे उलटा प्रश्न असतो: या नावाची आधीच नाही ना? दोन संगणकांवरून एकाच क्रमांकाची हिशोबपट्टी निघाली आणि दुसरीने पहिली पुसली, तर शेतकऱ्याला तोंड द्यायला तुम्हीच. आधी तपासून मग डब्ल्यू (लिहिण्याच्या) मोडने लिहिणं इथे धोक्याचं, कारण डब्ल्यू असलेली फाइल विनातक्रार रिकामी करतो. त्याऐवजी ओपनला एक्स मोड द्या. 'नसेल तर कर, असेल तर नकार दे' हे काम ऑपरेटिंग सिस्टिम एका दमात करते आणि फाइल असेल तर फाइलएक्झिस्ट्सएरर येते. मग पुढचा क्रमांक घ्या. हाही मोड ३.३ पासूनचा.

फोल्डर करायचं तर एमकेडिरला पेरेंट्स आणि एक्झिस्ट_ओके दोन्ही ट्रू द्या. पुसायचं तर अनलिंकला मिसिंग_ओके ट्रू, पायथॉन ३.८ पासून. तिन्ही ठिकाणी 'इफ' ची ओळ गळाली.

फाइलची वाट पाहायची असेल तर

तपासणी खरोखर लागते ती इथे. कापणीच्या हंगामात शेवटची गाडी उशिरा काट्यावर येते आणि मुनीम नऊच्या आत मोकळा होत नाही. अशा वेळी दर मिनिटाला इज_फाइल विचारत थांबा, पण किती वाजेपर्यंत थांबायचं ते आधी ठरवा आणि ती वेळ टळली की कोणाला तरी कळवा. अनंत काळ वाट पाहणारा प्रोग्रॅम सकाळी तसाच अडकलेला सापडतो.

फाइल दिसली म्हणजे पूर्ण आली असंही नाही. कॉपी चालू असताना नाव आधी दिसतं, मजकूर नंतर भरतो. मध्येच वीज गेली तर शून्य बाइटची किंवा शेपूट तुटलेली फाइल राहते. स्टॅटमधला एसटी_साइझ, म्हणजे फाइलचा आकार, शून्य आहे का पाहणं ही पहिली चाळणी. काही जण थोड्या अंतराने दोनदा आकार मोजतात आणि सारखा आला की फाइल पूर्ण धरतात. पण कॉपी करणारे काही प्रोग्रॅम पूर्ण जागा आधीच अडवून ठेवतात, तिथे ही युक्ती फसते.

फाइल लिहिणारा प्रोग्रॅमही तुमचाच असेल तर भक्कम उपाय आहे: त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने लिहा, बंद करा, आणि सगळं झाल्यावर ओएस.रिप्लेसने खरं नाव द्या. वाचणाऱ्याला एकतर पूर्ण फाइल दिसते किंवा काहीच दिसत नाही. दोन्ही नावं एकाच ड्राइव्हवर हवीत, एवढी अट. फाइल माणूस टाकत असेल तर त्याला शेवटच्या ओळीत एकूण पावत्या आणि एकूण क्विंटल लिहायला सांगा. बेरीज मारल्याशिवाय मुनिमाला तसंही चैन पडत नाही. ती ओळ नसेल किंवा आकडा जुळत नसेल तर पट्ट्या काढू नका.

एक्सेलमध्ये फाइल उघडी ठेवून मुनीम जेवायला गेला, तर त्या फाइलवर लिहायला गेल्यावर परमिशनएरर येते. फोल्डरमध्ये लाटचिन्ह आणि डॉलरने सुरू होणारी लपलेली फाइल दिसली तर समजा एक्सेलने मूळ फाइल धरून ठेवली आहे. फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींवर लूप फिरवताना तीही उचलली जाते, तिला वगळा.

बाकी भाषा, थोडक्यात

पीएचपीमध्ये फाइल_एक्झिस्ट्स फोल्डरलाही होकार देतं, म्हणून इज_फाइल वापरा. शिवाय पीएचपी उत्तर लक्षात ठेवतं: एकदा 'आहे' म्हणाल्यावर दुसऱ्या कोणी फाइल पुसली तरी त्याच रनमध्ये 'आहे'च म्हणत राहू शकतं. मध्ये क्लिअरस्टॅटकॅश बोलवा.

जावामध्ये फाइल्स.एक्झिस्ट्स आणि फाइल्स.नॉटएक्झिस्ट्स अशा दोन मेथड आहेत आणि एकाच वेळी दोघींचं उत्तर फॉल्स येऊ शकतं, म्हणजे 'मला कळत नाही'. मला हे पायथॉनपेक्षा प्रामाणिक वाटतं. गो भाषेत ओएस.स्टॅट करून आलेली चूक 'नसल्याची' आहे का ते एरर्स.इज ने पाहतात. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) असिंक्रोनस एफएस.एक्झिस्ट्स मोडीत काढलेलं आहे, एक्झिस्ट्ससिंक चालू आहे. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला वापरणाऱ्याच्या डिस्कवर फाइल आहे का हे परस्पर पाहताच येत नाही. तो प्रयत्न सोडून द्या. सी++ मध्ये २०१७ च्या प्रमाणापासून फाइलसिस्टिम लायब्ररीत एक्झिस्ट्स आहे.

बॅशमध्ये चौकटी कंसात उणे एफ म्हणजे साधी फाइल, उणे डी म्हणजे फोल्डर, उणे एस म्हणजे आहे आणि रिकामी नाही. व्हेरिएबलला दुहेरी अवतरण द्यायला विसरू नका. व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि अवतरण नसलं तर साध्या चौकटी कंसात फक्त 'उणे एफ' उरतं, आणि बॅश त्याला ट्रू म्हणतं.

चालू करण्याआधी

प्रोग्रॅम मुनिमाच्या हवाली करण्यापूर्वी मुद्दाम बिघाड घडवून बघा: फाइल काढून टाका, शून्य बाइटची ठेवा, त्याच नावाचं फोल्डर ठेवा, शेवटची ओळ खोडा, दुसऱ्याच फोल्डरमध्ये उभं राहून चालवा. प्रत्येक वेळी छापला जाणारा संदेश मुनिमाला वाचायला द्या आणि आता काय करशील ते विचारा. उत्तर आलं नाही तर संदेश बदला. पायटेस्ट (पायथॉनमधलं चाचण्या घेणारं साधन) वापरत असाल तर टीएमपी_पाथ प्रत्येक चाचणीला कोरं फोल्डर देतो, खऱ्या पावत्यांना धक्का लागत नाही. परवानगी काढून घेण्याची चाचणी मात्र लिनक्सवर रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून करू नका. रूटला ती फाइल तरीही उघडते, आणि जी चूक पकडायची ती कधी येतच नाही.